सब्जाची शेवटची ओळ

वहिनी,

तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. सात ओळींची होती. वय, गाव, अंत्यसंस्काराची वेळ, मागे कोण कोण. दुसऱ्या दिवशी अंक उघडला तर सहाच ओळी होत्या. पान लावताना जागा कमी पडली आणि शेवटची ओळ गेली. त्या ओळीत ‘एक दीर’ असा उल्लेख होता. पान लावणाऱ्या सहकाऱ्याला मी काही बोललो नाही. तीस वर्षं मीही हेच करत आलो आहे. सर्वांत महत्त्वाचं वर घ्यायचं, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली, आणि जागा कमी पडली की खालून कापायचं. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे.

त्या सात ओळींत सब्जा नव्हता. निधनवार्तेत तो बसत नाही. म्हणून हे वेगळं लिहितो आहे.

पोखर्णीच्या घरी पुढच्या दारी तुळस आणि मागच्या दारी सब्जा, अशी तुमची वाटणी होती. तुळशीला वृंदावन, दिवा, कार्तिकात लग्न. सब्जाला न्हाणीचं सांडपाणी. तरी सब्जाच जास्त माजायचा. पावसाळ्यात कमरेएवढा होऊन धुण्याच्या दगडावर आडवा पडायचा आणि कपडे धुणाऱ्याच्या हाताला दिवसभर वास राहायचा. तो वास मी परभणीपर्यंत घेऊन जायचो. माझ्या खोलीत तेव्हा दुसरा चांगला वास नव्हता.

तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी कॉलेजात होतो, सुट्टीला आलो होतो. तुम्ही ज्वारीच्या पिठात लसूण, तीळ, हिरवी मिरची घातलीत आणि वरून मागच्या दारचा मूठभर पाला बारीक चिरून टाकलात. आईने वासावरून ओळखलं आणि देवघरातून उठून आली.

“अगं बाई! तुळशीचा पाला तव्यावर? पाप लागंल की.”

“ही तुळस न्हाई आत्याबाई, सब्जा हाय. हिचं कुटं लगीन लावतो आपन?”

आई उभीच राहिली. मग पाटावर बसली, तुम्ही वाढलेला धपाटा दह्याला लावून खाल्ला आणि ताट पुढे केलं. “आनखी एक दे बरं. बघू दे, पाप हाय का पुन्य ते.” त्या दिवशी आईने चार धपाटे खाल्ले. त्यानंतर त्या घरात हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

तुम्हाला पाककलेचं शिक्षण नव्हतं आणि वैद्यकाचंही नव्हतं. पण कोणत्या पानाचं काय करायचं हे ठरलेलं असायचं. तुळशीची पानं काढ्यात सर्वांत शेवटी, चुलीवरून भांडं उतरवल्यावर; आधी टाकली तर नुसता कडूपणा राहतो, असं तुम्ही म्हणायचात. सब्जाची पानं टोमॅटोच्या सारात, तीही शेवटी. ताकाच्या फोडणीत दोन. बी उन्हाळ्यासाठी. कुणाला उन्हाळी लागली, लघवीला जळजळ व्हायला लागली, पोट साफ होईना, की माणसं तुमच्या ओट्यावर यायची. तुम्ही वाटीत भिजवलेला सब्जा लिंबाच्या सरबतात नाही तर थंड दुधात घालून द्यायचात. शेजारच्या बाया रिकाम्या वाट्या घेऊनच यायच्या.

बी काढायची तुमची रीत मला नेमकी आठवते. वाळलेले तुरे डाव्या तळहातावर घ्यायचे, उजव्या तळहाताने गोल गोल चोळायचे, मग हात तोंडाजवळ आणून एक हलकी फुंकर मारायची. भुसकट उडून जायचं आणि तळहातावर काळे दाणे राहायचे. “जोरात फुकायचं न्हाई,” तुम्ही मला सांगितलं होतं. “जोरात फुकलं की दाना बी जातोय.” मी प्रयत्न केला आणि सगळे दाणे अंगणात गेले. तुम्ही हसलात. “पेपरवाल्याची फुंकर हाय. कायबी शिल्लक ठेवत न्हाई.”

तुमच्या लेकीने, वर्षाने, एकदा तुम्हाला परभणीत पिझ्झा खायला नेलं होतं, ती हकीकत तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की मी तिथे हजर होतो असं वाटतं. तिने कौतुकाने समोर ठेवला. त्यावर मधोमध एक हिरवं पान होतं. तुम्ही आधी ते उचललंत, चुरगळलंत, वास घेतलात. “अगं, ह्यो तर आपला सब्जाच!” वर्षा म्हणाली, आई, हळू बोल, याला बेसिल म्हणतात, परदेशातलं असतं. तुम्ही म्हणालात, “परदेशातलं आसू दे, पन एकच पान? लय कंजूस मानसं हायत.”

मी तुम्हाला सांगितलं की ते तुमच्या सब्जाच्या अगदी जवळचं झाड आहे आणि तिकडे लोक टोमॅटोबरोबर ते पान खातात. तुमचा चेहरा गंभीर झाला. “टमाट्याच्या सारात घालायचं मी कुनाला सांगितलं न्हवतं,” तुम्ही म्हणालात. “त्यास्नी कोन सांगितलं?”

आमच्या दैनिकाची आठवड्याची पुरवणी निघू लागली तेव्हा घरगुती उपायांचं एक सदर हवं होतं. ते माझ्याकडे आलं. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही सातवीपर्यंत शिकलेल्या, पण अक्षर स्वच्छ होतं. वहीच्या पानावर लिहायचात आणि पानाचा फोटो घरच्या फोनवरून माझ्या फोनवर यायचा. इथे आमचा ऑपरेटर तो टाइप करायचा, मी संपादित करायचो. सदरावर तुमचं नाव आणि गाव छापून यायचं. पोखर्णीत तुमचं नाव पेपरात येणं ही मोठी गोष्ट होती. माझा दादा चौकात अंक घेऊन बसायचा आणि मुद्दाम शेतीचं पान वाचायचा, म्हणजे समोरच्याला पाठीमागचं तुमचं पान दिसावं.

आपला वाद पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. तुम्ही लिहिलं होतं, ‘तुळशीच्या काढ्याने खोकला जातो.’ मी ते ‘तुळशीच्या काढ्याने खोकल्याला आराम पडतो, असे म्हणतात’ असं केलं. सकाळी नऊ वाजता तुमचा फोन आला.

“भाऊजी, कोन म्हनतंय?”

“काय कोण म्हणतं?”

“तुमी लिवलंय, ‘असे म्हणतात.’ कोन म्हनतंय? मी म्हनायलेय की. खाली माझं नाव हाय.”

मी समजावलं. सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्यासारखं छापता येत नाही. घरगुती समज हा घरगुती समज म्हणूनच छापायचा. तुम्ही ऐकून घेतलंत. “मंग तुमी आसं करा,” तुम्ही म्हणालात, “‘वैनी म्हनतात’ आसं छापा. कुनी इचारलं तर माझ्याकडं पाठवा.” मी तसं छापलं नाही. हा वाद मिटला नाही. आज मला वाटतं, तुमचं म्हणणं बरोबर होतं. ज्याचं म्हणणं आहे त्याच्या नावावर ते असावं, हाच तर बातमीचा नियम आहे. पण ते मी तुम्हाला सांगितलं नाही.

दुसरा वाद मजकुराच्या रचनेचा होता. तुमचा मजकूर कुठूनही सुरू व्हायचा. शेजारच्या शेळीने तुळस खाल्ली, मग ती शेळी कशी, मग तिची मालकीण कशी, मग तिला झालेला खोकला, मग काढा. आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते अगदी शेवटच्या ओळीत: ताप तीन दिवसांच्या वर गेला तर काढा बंद करून दवाखाना गाठा. मी दर वेळी ती शेवटची ओळ उचलून वर आणायचो. तुम्हाला ते आवडायचं नाही.

तुम्ही बोलायचातही तशाच. मी सकाळी पोखर्णीला यायचो, दिवसभर गप्पा व्हायच्या, पाऊस, सोयाबीन, नरसिंहाच्या जत्रेतली गर्दी. संध्याकाळी तुम्ही मला गाडीपर्यंत सोडायला यायचात. एसटी लागली, मी पाय ठेवला, की तुम्ही सांगायचात. आईचं जेवण तुटलंय. दादाच्या रक्तात साखर निघालीय. वर्षाला जिंतूरचं स्थळ आलंय, आम्ही हो म्हणायलोय. एकदा मी चिडलो. हे आल्या आल्या का नाही सांगितलं?

“आल्या आल्या सांगितलं आस्तं तर तुमी ते चहाबरुबर गिळून टाकलं आस्तं,” तुम्ही म्हणालात. “जाताना सांगितलेलं मानूस गाडीत संगं घेऊन बसतंय. जावा आता, कंडक्टर वरडायलाय.”

आता सब्जाच्या मजकुराबद्दल. मला जे माहीत आहे तेवढंच आणि जसं घडलं तसं लिहितो.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना होता. तुम्ही सब्जावर लिहून पाठवलंत. झाड कसं ओळखावं, तुळशीच्या बियांत आणि सब्जात फरक काय, उन्हाळीला कसा द्यावा, दुधात कसा, सरबतात कसा. शेवटी एक ओळ होती. सब्जा कोरडा देऊ नये, आणि कुणाला अजिबात देऊ नये, हे त्या ओळीत होतं. दुपारी पान छपाईला सोडायच्या वेळी एक जाहिरात आली. सदराची जागा कमी झाली. छापील चार ओळी जास्त होत होत्या; तुमची ती एक लांब ओळ छापात तेवढीच भरत होती. ऑपरेटरने विचारलं, “सर, कुठून काढू?” मी दुसरं पान बघत होतो. मी म्हणालो, “खालून घे.”

मी तुमचा मजकूर त्याआधी वाचला होता. शेवटची ओळ वाचली होती. ती वर घ्यायची, हे मनात आलं होतं. इतर वेळी घेत होतो. त्या दिवशी घेतली नाही. एवढंच घडलं.

छापून आलं ते असं: एक चमचा सब्जा ग्लासभर थंड पाण्यात घालून द्यावा. तुमच्या गल्लीतल्या नानांना त्याच्या तीन वर्षं आधी लकवा मारलेला होता. त्यांना गिळायला त्रास होता. त्यांच्या सुनेने, शांताबाईंनी, सदर वाचलं. गल्लीतल्याच बाईने लिहिलेलं, म्हणून अधिक विश्वासाने वाचलं. पाण्यात चमचाभर सब्जा घातला आणि तसाच लगेच सासऱ्यांना पाजला. दाणे घशात फुगले. नानांचा श्वास अडकला. जीप करून त्यांना परभणीला आणलं. ते वाचले. चार दिवस दवाखान्यात होते. पुढे दोन वर्षं जगले आणि वेगळ्या आजाराने गेले. पण ते वाचणार आहेत हे पहिल्या दिवशी कुणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी नानांचा मुलगा अंक घेऊन तुमच्या ओट्यावर आला आणि दादासमोर, गल्लीसमोर तुम्हाला बोलला. तुम्ही आत गेला नाहीत, हे दादाने मला सांगितलं. सगळं ऐकून घेतलंत. मग मला फोन केलात.

“भाऊजी, त्या शेवटच्या ओळीचं काय झालं?”

त्याआधी तासभर संपादकांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मी त्यांना सांगितलं होतं की लेखिकेच्या मजकुरात इशारा नव्हता. एकदा ते सांगून झाल्यावर मी तुम्हालाही तेच सांगितलं.

“वहिनी, मला आलेल्या फोटोत ती ओळ नव्हती. पानाचा खालचा भाग आला नसेल.”

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“आसंल,” तुम्ही म्हणालात. “फोटू काढताना माझाच हात हलला आसंल.”

मी ते मान्य केलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

आम्ही खुलासा छापला नाही. एका माणसाच्या जिवावर बेतलेल्या चुकीचा खुलासा ही चार ओळींची गोष्ट होती आणि त्या चार ओळींना पानावर जागा होती. तुम्ही गावात सांगितलंत की लिहिताना तुमच्याकडून राहिलं. त्यानंतर तुम्ही मला मजकूर पाठवला नाहीत. मी एकदा विचारलं. “फुरसत न्हाई,” म्हणालात. मागच्या दारचा सब्जा तुम्ही उपटून टाकलात. बी सांडलेलं होतं, त्यामुळे दर पावसाळ्यात तो पुन्हा उगवत राहिला. तुम्ही त्याला पाणी घातलं नाहीत आणि पुन्हा उपटलाही नाहीत. धपाटे नुसत्या लसणाचे झाले. ओट्यावर वाटी घेऊन येणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. मी येत राहिलो, आपण बोलत राहिलो. पण गाडीत पाय ठेवल्यावर तुम्ही मला काही सांगायचं बंद केलंत. “नीट जावा,” एवढंच.

हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

या उन्हाळ्यात तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी केली आणि सांगितलं, पाण्यासारखं पातळ काही द्यायचं नाही, दाणेदार काही द्यायचं नाही, घट्ट आणि मऊ तेवढंच, तेही चमच्याने, बसवून, जवळ थांबून. मी ते वहीत लिहून घेतलं. सवय आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी एकटा तुमच्याजवळ होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दादा सरबत पीत आला आणि अर्धा ग्लास खिडकीत ठेवून औषधं आणायला खाली गेला. त्या ग्लासात सब्जा होता. फुगलेला, पांढऱ्या कवचातले काळे ठिपके. तुम्ही डावा हात उचललात आणि ग्लासाकडे बोट केलंत. मी मान हलवली. तुम्ही पुन्हा बोट केलंत. ओठ कोरडे पडले होते. तिसऱ्यांदा बोट केलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी म्हणालो, “नाही वहिनी. ज्याला गिळायला तकलीफ आहे त्याला फुगलेलाही देऊ नये.”

बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो. ‘तकलीफ’ हा शब्द माझा नाही. मी त्रास म्हणतो, अडचण म्हणतो. ‘फुगलेलाही’ हा शब्दही माझा नाही. ते वाक्य तुमचं होतं, शब्दाला शब्द. जी ओळ मला मिळालीच नाही म्हणून सांगितलं होतं, ती सहा वर्षांनी मला पाठ होती.

तुम्ही हात खाली घेतलात. माझ्याकडे बघत राहिलात. मग माझा हात ओढून घेतलात, तळवा उघडा केलात आणि तुमचा डावा तळहात त्यावर ठेवून गोल गोल चोळलात. दोनदा, तीनदा. एका बाजूला ओढले गेलेले ओठ कसेबसे जमवलेत आणि माझ्या तळहातावर फुंकर मारलीत. हलकीच. तिचा वारा मला लागला.

याचा अर्थ काय, हे मला ठामपणे लिहिता येत नाही. जे दिसलं ते लिहिलं.

तेवढ्यात दादा औषधं घेऊन आला. भेटीची वेळ संपली. तुमच्या मजकुराचा तो फोटो माझ्या फोनमध्ये होता, मी तो कधीच पुसला नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला यायचं, फोटो उघडून तुमच्यासमोर धरायचा आणि जे सांगायचं ते सांगायचं, असं मी जिना उतरताना ठरवलं. लगेच वर जाऊन सांगता आलं असतं. जिना अर्धाच उतरलो होतो. सकाळी आठला दादाचा फोन आला.

तेराव्यानंतर वर्षाने तुमची पेटी आवरायला घेतली. तिने मला हाक मारली. तिच्या हातात तपकिरी कव्हरची वही होती. तुमच्या सदराचं प्रत्येक कात्रण खळीने चिकटवलेलं, प्रत्येकाखाली तारीख. बहुतेक पानांवर आणखी काही नव्हतं. सब्जाच्या कात्रणाखाली तुम्ही स्वतःच्या हाताने शेवटची ओळ लिहून ठेवली होती. शाई निळी, अक्षर नेहमीसारखं स्वच्छ. शेरा नव्हता, तक्रार नव्हती. छापलेलं जिथे थांबलं होतं तिथून पुढचं, एवढंच.

“काका, ही ओळ छापून आली न्हवती का?” वर्षाने विचारलं.

“नाही.”

“आईनं तर पाठवली होती.”

“हो. मी कापली.” हे मी पहिल्यांदा कुणासमोर बोललो. “तुझी आई म्हणाली होती, फोटो काढताना हात हलला असेल. मी ते तसंच चालू दिलं.”

वर्षाने वही मिटली. “आईचा हात कसा हलंल?” ती म्हणाली. “तिला कुटं फोटू काढता यायचा. फोटू मीच काढून द्यायची, दर रविवारी घरी आले की. त्या दिशी बी मीच काढलाय. पूर्न पान आलंय का न्हाई ते तिनं दोनदा बघून घेतलं होतं.”

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पुरावा तुमच्याच घरात, घरच्या फोनमध्ये होता. नानांच्या मुलासमोर तो धरला असता तर तो ओट्यावरून उतरून थेट आमच्या कार्यालयात आला असता. माझी नोकरी तेव्हा नाजूक अवस्थेत होती, हे तुम्हाला ठाऊक होतं; मीच सांगितलं होतं. तुम्ही एक हललेला हात मला दिलात आणि गावाचं बोलणं स्वतःकडे ठेवलंत. हे उपकार मोजायची रीत मला माहीत नाही. तुमच्यावर मला रागही आला, वहिनी. पुन्हा एकदा तरी मला विचारायचं होतंत. गाडीत पाय ठेवल्यावर एकदा म्हणायचं होतंत की भाऊजी, फोटो वर्षानं काढला होता. मी ते गाडीत सोबत घेऊन बसलो असतो.

वर्षा रडली नाही. तिने विचारलं, “आता काय करनार तुमी?”

“लिहीन.”

“आदी नानांच्या घरी जावा,” ती म्हणाली. “मंग लिवा.”

मी गेलो. शांताबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला दिलं. मी जे घडलं ते सांगितलं. त्या सोलत राहिल्या, नंतर हात थांबला.

“आता सांगायलात,” त्या म्हणाल्या. “आता कुनाला सांगायलात? त्या तर गेल्या.”

त्यांनी लसूण बाजूला सारला.

“मामंजी दवाखान्यातून आल्यावर वैनी रोज सकाळी ज्वारी भरडून तिच्या कन्या शिजवून आनायच्या. मऊ, घट्ट, दूध घालून. ह्यांनी घरात येऊ दिलं न्हाई. मंग वट्यावर ठिवून जायच्या. म्हैनाभर आनल्या. मला म्हनायच्या, शांते, मांडी घालून बसीव त्यास्नी, अन् गिळूस्तोवर उठू नको.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “ह्यांनी त्या कन्या म्हशीला घालायला लावल्या. मी घातल्या. रोज घातल्या, भाऊजी. भांडं घासून परत ठिवायची वट्यावर. त्यास्नी वाटायचं मामंजी खायलेत.”

मग त्या म्हणाल्या, “माज्यामुळं मामंजी मरत होते आसं मला सहा वर्सं वाटायलंय. वैनी म्हनायच्या, तुजी चूक न्हाई, लिवायला मी चुकले. मला ते खरं वाटायचं न्हाई. मला वाटायचं उगं माजी समजूत काढायल्यात.” त्यांनी सोललेल्या लसणाकडे बघितलं. “चूक त्यांची बी न्हवती. माजी बी न्हवती. आसंच ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मंग ते छापा,” त्या म्हणाल्या. “ह्यास्नी वाचून दावते.”

निघताना मी तुमच्या मागच्या दारी गेलो. न्हाणीच्या दगडाशी दोन झाडं वाळून उभी होती. तुरे भरलेले होते. मी एक तुरा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. हलकी मारली. सात दाणे राहिले. ते कागदात बांधून आणले आहेत. त्यांचं काय करायचं, हे अजून ठरवलेलं नाही.

या मजकुराची जागा ठरलेली आहे आणि हा तिच्यापेक्षा लांब झाला आहे. पान लावणाऱ्या सहकाऱ्याला मी सांगून ठेवलं आहे की या वेळी वरून कापायचं. निधनवार्ता गेली तरी चालेल, पिझ्झा गेला तरी चालेल, मी पूर्ण गेलो तरी चालेल. शेवटची ओळ ठेवायची. तो म्हणाला, सर, लेख मग सुरू कुठून होईल? मी म्हणालो, कुठूनही. ती ओळ तुमच्या वहीतून उतरवून घेतली आहे. शब्द बदललेला नाही, ‘असे म्हणतात’ जोडलेलं नाही. वहिनी म्हणतात:

‘आणि ध्यानात ठेवा, सब्जा कोरडा कुणालाच देऊ नये, पाण्यात टाकून चार धपाटे भाजून होईपर्यंत थांबावं, दाण्याभोवती पांढरं झालं की मगच द्यावा, आणि लहान लेकराला किंवा ज्याला गिळायला तकलीफ आहे त्याला फुगलेलाही देऊ नये, त्याला दुसरं काही मऊ द्यावं, पण जे द्यावं ते जवळ बसून द्यावं.’